लाल चौकटीची कुळकथा

तालुक्यातल्या गावांची नावं एका रकान्यात, शेजारी त्यांची पैसेवारी, म्हणजे यंदा पीक किती आलं याचा अंदाज. आकडा पन्नासच्या खाली उतरला की ती चौकट आपोआप लाल होते. तहसील कचेरी, पंचायत समिती, जिल्हा बँक, शाळेचं निकालपत्रक, जिनिंगवाल्याचा उधारीचा तक्ता, सगळीकडे ही करामत आता इतकी मुरली आहे की ती कुणीतरी कधीतरी नव्याने काढली असेल असं वाटतही नाही. ‘कंडिशनल लावून दे’ एवढं म्हटलं की संगणकापुढचा पोरगा दोन-चार वेळा माऊस दाबतो आणि दीड हजार ओळींच्या तक्त्यात कुठे आग लागली आहे ते साहेबांना उभ्या उभ्या दिसतं.

करामतीचे भाग दोन. एक अट, दुसरा रंग. रंगाची जन्मतारीख सांगणं सोपं आहे. तो १९९७ च्या एक्सेलमधून आला. अट मात्र फार जुनी, आणि तिचं एक भक्कम मूळ खानदेशच्या काळ्या मातीत, अगदी शब्दशः मातीत, सापडतं. तिथवर जाण्याआधी दोन खोटे पूर्वज बाजूला काढायला हवेत.

पहिला मोह होतो तो लाल शाईचा. धुळ्यात तर तो होणारच. १९२६ सरताना इतिहासाचार्य राजवाडे याच गावात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून गोळा केलेली बाडंही इथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. जुनी मराठी-संस्कृत पोथी उघडली की काळ्या ओळींत मधूनच तांबडं दिसतं: ओवीचा आकडा, कुणाचं तरी ‘उवाच’, अध्याय संपल्याची ओळ. कुठे दंडांवर नुसता गेरू फासलेला. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप दिलेला. म्हणजे लाल आणि पिवळा, दोन्ही रंग हजर. तरीही हे आपल्या चौकटीचं कूळ नव्हे. लेखकू प्रत्येक ठिकाणी स्वतः थांबतो, दौत बदलतो, लाल लिहितो. उद्या ओवीचा आकडा बदलला तर रंग आपणहून हलणार नाही. तिथे रिवाज आहे, पण आकड्यावर बसवलेली अट नाही.

दुसरा मोह व्यापाऱ्याच्या चोपडीचा. जळगावच्या दाणाबाजारात दिवाळीला जिची पूजा होते ती वही लाल कापडाची असते, आणि नफा असो की तोटा, ती लालच राहते. तिचाही नाद सोडू.

खरं कूळ हवं असेल तर तीन गोष्टी एकत्र सापडायला हव्यात: चौकटी पाडलेलं कोष्टक, प्रत्येक चौकटीतलं मोजमाप, आणि त्या मोजमापावरून चौकटीची प्रत ठरवणारा, कुणाच्या मर्जीवर न सोडलेला नियम. या तिन्ही गोष्टी मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत सापडतात.

पेशवाईतल्या जमाबंदीत जमिनीचे अव्वल, दूम, सीम असे वर्ग असत. ते ठरत गावच्या माहीतगारांच्या तोंडून आणि पाहणीदाराच्या नजरेतून. १८१८ नंतर इंग्रजांनी दख्खन घेतलं आणि त्यांना ही नजर पटेना. पुण्याकडे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवण्याचा घाट घातला. गणित फार बारीक, आणि ते भरणारे हात बेभरवशाचे, आकारणी कोसळली. मग १८३५ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर यांनी दुसरी रीत बसवायला घेतली. १८४७ मध्ये डेव्हिडसनसह तिघांनी मिळून जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यात ती रीत पक्की झाली. महसुलाच्या मराठीत तिचं नाव प्रतबंदी.

प्रतबंदी कशी चालायची ते सावकाश बघण्याजोगं आहे. कारकून शेताचं कच्चं टाचण काढी आणि त्यात रेघा ओढून सारख्या क्षेत्राच्या चौकटी पाडी. मग प्रत्येक चौकटीच्या जागी प्रत्यक्ष जमिनीत खणून माती किती खोल आहे ते बघे. माप हाताचं: पाव हात, अर्धा हात, असं चढत पावणेदोन हातांपर्यंत. मातीचे दर्जे तीन. चौकटीत एक ठिपका म्हणजे पहिला दर्जा, दोन म्हणजे दुसरा, तीन म्हणजे तिसरा. ठिपक्यांजवळ खोलीचा आकडा. यावरून ठरलेल्या कोष्टकात बोट ठेवलं की जमिनीची प्रत निघे. प्रती नऊ, आणि त्यांची किंमत आण्यांत: १६, १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि २.

एवढ्यावर भागत नसे. पुढे दोष बघायचे. चुनखडीचे खडे मिसळलेले, वाळू, उतार, मातीच्या कणांची एकमेकांवर पकड नसणं, पाणी न मुरणं, वाहत्या पाण्याने धुपण्याचं भय, झऱ्यामुळे बारमाही ओल. दोष सात, आणि प्रत्येकाला एकेक खूण. एक खूण चौकटीत पडली की प्रत एक पायरी खाली. समजा, पहिल्या दर्जाची माती सव्वा हात खोल निघाली: बारा आणे. तिच्यात वाळूची एक खूण आणि उताराची एक: बाराचे दहा, दहाचे आठ. सगळ्या चौकटींचे आणे मांडून सरासरी काढली की त्या शेताचे आणे तयार. त्या भागाचा कमाल दर ठरलेला असे. त्याला हे आणे लावून सारा निघे.

आजच्या भाषेत सांगायचं तर खोली आणि दर्जा यांवरून कोष्टकातली किंमत उचलणं, तीतून दोषांच्या पायऱ्या वजा करणं, आणि शेवटी सरासरी. एक्सेल शिकवणाऱ्या क्लासात दुसऱ्या आठवड्यात जे येतं तेच. फरक एवढाच की इथली प्रत्येक चौकट भरायला पहार लागत होती.

खानदेशात हे काम १८५२ साली पोचलं, आणि लोकांनी ते निमूट सोसलं नाही. सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात दंगे झाले, मोजणीवाल्यांना हुसकावण्यात आलं, फौज आणावी लागली. सारा वाढणार ही भीती होतीच. पण आपल्या शेताची किंमत तापीकाठची माती न ओळखणाऱ्या कुणा परक्याने चार ठिपके आणि दोन खुणांनी ठरवावी, हेही त्यांना रुचलं नसणार असं मला वाटतं. दंगा मोडला, मोजणी पुरी झाली. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचा कारभार जळगावला आणि पश्चिमेचा धुळ्याला. आकारबंदातले जमिनीचे आणे दोन्हीकडे तसेच वाटले गेले.

या पद्धतीची एक गोष्ट मला आजच्या लाल चौकटीपेक्षा सरस वाटते. निकाल आणि त्याचं कारण एकाच चौकटीत बसलेलं होतं. आठ आणे का, असं विचारलं तर टाचणावर वाळूची खूण आणि उताराची खूण दाखवता येई. वाद घालणाऱ्यालाही बोट ठेवायला जागा होती: इथे वाळू नाही, खणून दाखवतो चला. कारकून लाच खाऊन खूण कमी-जास्त करी हे खरं, पण त्याची लबाडीसुद्धा कागदावर दिसे.

जमिनीचे आणे एकदा ठरले की एक पिढीभर, तीस वर्षं, चालत. पीक मात्र दर साली वेगळं. म्हणून पिकालाही आणे लागले, तीच आणेवारी. सोळा आणे म्हणजे पुरेपूर पीक, आणि त्या मानाने यंदा किती आलं याचा अंदाज. आकडा नुसता अहवालापुरता असता तर कुणी त्याच्यासाठी भांडलं नसतं. पण मुंबई सरकारने त्याला अट बांधली. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या सालची साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब. चार ते सहा आणे असेल तर निम्मी. सहाच्या वर असेल तर सवलत नाही. तीन पट्टे, दोन सीमारेषा. रंग तेवढे भरायचे राहिले होते.

सीमारेषा आखली की भांडण आकड्यावर येतं. १९१८ चा खेड्याचा सत्याग्रह हा त्याचा सर्वांत गाजलेला दाखला. खेडा गुजरातेत, पण इलाखा तोच आणि नियमही तेच. अतिवृष्टीने पीक बुडालं होतं. शेतकरी म्हणत, आमच्या गावांत चार आण्यांच्या आतच आहे. अधिकारी म्हणत, वर आहे. गांधीजी आणि वल्लभभाई यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरून पिकाचा अंदाज घेत होते. एवढा मोठा लढा, आणि त्याच्या मुळाशी प्रश्न एका रकान्यातला: इथे तीन लिहायचे की पाच? नियम अन्यायाचा आहे असं तक्रारदारांचंही म्हणणं नव्हतं. आकडा कोण भरतो, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले, आणि सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली. लोकांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. महाराष्ट्रात सीमारेषा पन्नास पैशांवर स्थिरावली. खरिपाची पैसेवारी एका फटक्यात ठरत नाही: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातलं पीक कापून, मळून, तोलून बघतात. तो पीक कापणी प्रयोग. चौकोन इथेही सुटला नाही. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच अशी मंडळी गावचा आकडा ठरवतात, आणि पन्नासच्या खालच्या गावाला महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ, असं बरंच काही लागू होऊ शकतं. ज्या गावाची नजरअंदाज पैसेवारी बावन्न आली आणि अंतिम अठ्ठेचाळीस, त्या गावात त्या चार पैशांची किंमत विचारून बघा.

पुढे ही अटही अपुरी वाटू लागली. केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची संहिता आणली आणि त्यानंतर महाराष्ट्रातही पावसाची तूट, पावसातला खंड, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल असे निर्देशांक आले. शासन त्यांना पहिली कळ, दुसरी कळ म्हणतं. पहिली दबली तरच दुसरी बघायची. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच रीतीने. जळगाव-धुळ्यातले तालुके त्यात होते. विंगेटच्या कारकुनाची पहार उपग्रहाच्या हाती गेली. चौकटी पुन्हा आल्याच, फक्त त्या आता नकाशावरच्या टिकल्यांएवढ्या.

रंग भरण्याची बाजू तिकडे युरोपात वाढत होती, आणि तिचा प्रवास थोडक्यात आटपतो. १८२६ मध्ये शार्ल द्यूपँने फ्रान्सच्या नकाशात शिक्षणाच्या प्रमाणानुसार प्रांत गडद-फिके रंगवले. १८७३ मध्ये तूसाँ लूआने पॅरिसच्या वीस विभागांची आकडेवारी एका तक्त्यात मांडून त्याच्या चौकटी पांढऱ्यापासून लालपर्यंत रंगवल्या. पडद्यावरच्या रंगीत तक्त्याचा हा थेट आजोबा. पण तोही हाताने रंगवलेला.

अट आणि रंग पहिल्यांदा एका वस्तूत भेटले ते संगणकात, असं वाटेल. नाही. त्याआधी ते कचकड्याच्या एका पट्टीवर भेटले होते. बगदादचे डॉक्टर अदनान शाकिर आणि इंग्लंडचे डेव्हिड मॉर्ले यांनी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही युक्ती मांडली. एक ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर फारसा वाढत नाही, म्हणून वय नक्की माहीत नसलं तरी घेरावरून कुपोषण ओळखता येतं. वजनकाटा नको, जन्मतारीख नको, अक्षरओळखही नको. पट्टी दंडाभोवती गुंडाळायची आणि टोक कुठल्या रंगावर येतं ते बघायचं: लाल, पिवळा, हिरवा.

चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यातल्या पाड्यांत, शिरपूर आणि साक्रीकडे, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारात, ही पट्टी अंगणवाडी ताईंच्या हातातली रोजची वस्तू आहे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. आता गंमत बघा. अतितीव्र कुपोषणाची ही रेषा पूर्वी अकरावर होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती साडेअकरावर आणली. ज्या बाळाचा दंड सव्वाअकरा भरत होता, ते आदल्या दिवशी पिवळं होतं आणि नव्या पट्टीने लाल झालं. बाळ तेच, दंड तोच. त्याला उपचार मिळू लागले ते रेषा अर्धा सेंटिमीटर सरकली म्हणून. अट कोण आणि कुठे ठेवतो हा प्रश्न किती मोठा आहे, हे मला महसुलाच्या सगळ्या कागदांपेक्षा या पट्टीने जास्त समजतं. शिवाय पट्टी खोटं बोलत नाही: लाल रंगाच्या कडेला सेंटिमीटरचा आकडा छापलेलाच असतो, ताईला दोन्ही एकदम दिसतात. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आलं. आता उंची-वजन मोबाइलमध्ये भरायचं आणि श्रेणी त्याने सांगायची.

संगणकाकडे येऊ. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क आलं. एक आकडा बदलला की त्याच्यावर टेकलेले सगळे आकडे बदलतात, हा त्याचा चमत्कार. रंगाचा त्यात पत्ता नाही. १९८३ च्या लोटसनेही जग जिंकलं ते वेगाच्या जोरावर. १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी एक्सेल आलं. एक्सेलच्या पुढच्या आवृत्त्यांत आकड्याचा साचा लिहिताना चौकोनी कंसात लाल असा शब्द टाकला की उणे रक्कम तांबडी दिसे. ही पाश्चात्त्य हिशेबनिसांची जुनी सवय यंत्रात उतरली होती. अट होती, पण बिचारी: सहसा शून्याच्या खाली एवढीच.

१९९७ च्या एक्सेलने ती अट पुरती वापरणाऱ्याच्या हाती दिली. कुठलाही आकडा, कुठलंही सूत्र; खरं ठरलं तर चौकटीची पार्श्वभूमी, अक्षराचा रंग, कडा, हवं ते बदला. मर्यादा तीन अटींची. तीन का, ते मला ठाऊक नाही, पण लाल-पिवळा-हिरवा एवढ्यात बसतो, आणि चार आणे-सहा आण्यांचा नियमही बसला असता. तीनपैकी पहिली जी खरी ठरेल तिचाच रंग लागे. म्हणून क्रम चुकला की फजिती: आधी ‘पन्नासच्या खाली पिवळा’ आणि मग ‘पंचवीसच्या खाली लाल’ असं लिहिलं, तर पंचवीसच्या खालचं गावही पहिल्याच अटीत अडकून पिवळं राही, आणि लाल कधी दिसतच नसे. २००७ मध्ये तीनची मर्यादा गेली. चढउताराच्या रंगछटा, चौकटीत वाढणारे पट्टे, बाण आणि दिव्यांची चित्रं आली. तेव्हापासून सरकारी आढावा बैठकीतला तक्ता होळीला खेळून आल्यासारखा दिसतो. माझं मत विचाराल तर त्यातला बहुतेक रंग फुकट आहे. एका तक्त्यात एकच प्रश्न विचारावा आणि एकच रंग लावावा. बाकी चौकटी पांढऱ्या राहिल्या तरच लाल डोळ्यात भरतो.

या रंगाने सगळ्यांना एकदम दणका दिला तो २०२० च्या करोना टाळेबंदीत. ३० एप्रिलला केंद्रीय आरोग्य सचिवांनी देशातल्या ७३३ जिल्ह्यांची यादी राज्यांना पाठवली: १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. महाराष्ट्रातले १४ जिल्हे लाल. त्यांत जळगावही आणि धुळेही. शेजारचं नंदुरबार नारिंगी. हिरव्याची अट साधी होती: आजवर एकही रुग्ण नाही, किंवा गेल्या २१ दिवसांत नवा नाही. लालसाठी रुग्णसंख्या, ती दुप्पट व्हायला लागणारे दिवस, चाचण्यांचं प्रमाण असं बरंच काही मिळून बघायचं होतं. दुकान उघडायचं की नाही, रिक्षा काढायची की नाही, हे ४ मेपासून त्या रंगावर ठरू लागलं. पंधरा तालुक्यांचा जळगाव जिल्हा, भुसावळसारखं रेल्वेचं गजबजलेलं जंक्शन आणि सातपुड्यातला आठ घरांचा पाडा, सगळे एका चौकटीत आणि एका रंगात. विंगेटच्या कारकुनाने एकेका शेताच्या अनेक चौकटी पाडल्या होत्या. राज्यांना रंग वाढवण्याची मुभा होती, केंद्राने लाल केलेल्याला उतरवण्याची नव्हती. आणि प्रत्येक निकषाचा नेमका आकडा किती, हे त्या रंगाखाली राहणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावरच्या लाल चौकटीत नेमकी हीच खोट आहे. रंग सगळ्यांना दिसतो, अट मेनूच्या आत तिसऱ्या दारामागे असते. तक्ता छापला, त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, की अट कायमची मागे राहिली. आत जाऊन बघणाऱ्यालाही चकवे भेटतात. सूत्राने लिहिलेल्या अटीत रिकामी चौकट शून्य धरली जाते, म्हणजे ज्या गावाची पैसेवारी अजून आलीच नाही ते गाव लाल होऊन बसतं. उलट, दुसऱ्या प्रणालीतून उतरवून घेतलेला आकडा कधीकधी मजकूर म्हणून साठवला जातो. मग तो दिसायला बेचाळीस असतो, पण यंत्राच्या लेखी कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्याहून मोठाच, आणि बेचाळीस पैशांचं गाव पांढरं राहतं. त्या गावाच्या सरपंचाने तक्रार केली तर ‘सिस्टिममध्ये नाही’ हे उत्तर तयार असतं.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना या असल्या अटींशी दरवर्षी गाठ पडते. हवामान आधारित फळपीक विम्यात अलीकडच्या हंगामांत थंडीची अट अशी आहे: १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर या काळात किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली गेलं तर भरपाई. तापमान आपल्या बागेतलं मोजायचं नाही, महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रातलं. एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात तापमान भरून यावर रंग लावायला बसलं की अटीचा खरा स्वभाव कळतो. ‘आठ किंवा कमी असेल तर लाल’ एवढं लिहिलं तर एकेकटे थंड दिवसही लाल होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पैसे मिळणार. खरी अट तीन चौकटी मिळून खरी ठरते. म्हणून सूत्रात आजचा, कालचा आणि परवाचा असे तिन्ही आकडे आठच्या आत आहेत का, असं विचारावं लागतं. आणि तेवढंच लिहिलं तर फक्त तिसरा दिवस रंगतो. तिन्ही रंगवायचे तर ‘हा दिवस तिघांतला पहिला, मधला किंवा शेवटचा असेल तर’ अशी तीन अंगांची अट लागते. समजा, तीन रात्रींचे आकडे आले ७.६, ७.९ आणि ८.१. एकही चौकट रंगणार नाही. पानं तर तिन्ही रात्री करपली असतील, बागेतली थंडी केंद्रापेक्षा जास्तही असेल, पण ८.१ हे ८.१.

अशा तक्त्यात मी तरी मर्यादेचा आकडा नियमाच्या पोटात लिहीत नाही. वरच्या एका वेगळ्या चौकटीत ८ लिहायचा, शेजारी ‘किमान तापमानाची मर्यादा, अंश’ असं ठसठशीत नाव द्यायचं, आणि नियमाला त्या चौकटीकडे बघायला सांगायचं. चौकटीचा पत्ता डॉलरच्या खुणेने बांधून टाकायचा म्हणजे खाली ओढताना तो सरकत नाही. दुसऱ्या चौकटीत दिवसांची संख्या, ३. तिसरीत केंद्राचं नाव, कारण शेजारच्या मंडळाचा आकडा वेगळा असतो. रिकाम्या दिवसांसाठी राखाडी रंगाची अट सर्वांत वर ठेवायची. केंद्र बंद पडलं होतं की थंडी नव्हती, हे विमा कंपनीशी बोलताना वेगवेगळं सांगता यायला हवं.